लॉट, रीवर्क आणि खेपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादनाचं नियोजन करणारे, स्टोअर सांभाळणारे आणि डिस्पॅचच्या दिवशी फोनवर दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. गणित आहे, पण वर्गमुळाच्या पुढे जात नाही. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. पैशाचं एकक तुम्हाला हवं ते धरा, वर्ष मात्र ३६० दिवसांचं धरा.

लॉट किती मोठा घ्यायचा, हा प्रश्न मुळात येतो कुठून?

एका सेटिंगमध्ये सलग काढलेले नग म्हणजे एक लॉट. मशीन एका जॉबवरून दुसऱ्या जॉबवर घेतली की सेटिंगला वेळ जातो, पहिले नग तपासावे लागतात आणि तेवढा वेळ काहीच बाहेर पडत नाही. हा खर्च दर लॉटला एकदाच येतो, म्हणून लॉट मोठा असावा असं वाटतं. पण मोठा लॉट काढला की माल पडून राहतो. त्याला जागा लागते, त्यात पैसा अडकतो. या दोन ओढींच्या मधला आकडा फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये सूत्रात बसवला. माल एकदम न येता मशीनच्या वेगाने हळूहळू तयार होतो, ही दुरुस्ती टाफ्टने १९१८ मध्ये केली.

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: मशीनमधून निघालेला प्रत्येक नग ओके असतो. रीवर्कच्या टेबलाशी एक दिवस जरी उभे राहिलात, तरी हे गृहीतक किती भोळं आहे ते कळतं.

रीवर्क कशाला म्हणायचं आणि रिजेक्शन कशाला?

पुन्हा काम करून जो नग ओके होतो, तो रीवर्क. जो होत नाही, तो स्क्रॅप. हिशोबात हे दोन आकडे वेगळे ठेवा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिळून ‘रिजेक्शन १० टक्के’ असं फळ्यावर लिहिलेलं असतं आणि पुढची सगळी गणितं तिथेच बिघडतात.

दहा टक्के माल रीवर्कला जातो. मग लॉट दहा टक्के वाढवून घ्यायचा ना?

नाही. रीवर्कचा नग उशिरा का होईना, पण ओके मालात येतो. २,००० नग सुरू केले तर शेवटी २,०००च मिळतात. वाढवून घ्यायचे ते फक्त स्क्रॅपपुरते. समजा १० टक्के नग रीवर्कला गेले आणि त्यातल्या पाचव्या हिश्शाचं स्क्रॅप झालं, तर एकूण तूट २ टक्के. २,००० ओके नग हवे असतील, तर २,००० भागिले ०.९८ म्हणजे २,०४१ सुरू करायचे. २,२०० सुरू केले तर १५० हून जास्त नग विनाकारण साठ्यात जातील, आणि पुढच्या खेपेला कोणीतरी विचारेल की हे आले कुठून.

मग रीवर्कमुळे लॉटचा आकार बदलतो तरी किती?

ग्राहक रोज थोडा थोडा माल उचलत असेल, स्क्रॅप नसेल आणि रीवर्कच्या नगाचा साठवणखर्च ओके नगाइतकाच धरला, तर अजिबात बदलत नाही.

यावर पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. पण कारखान्याच्या दाराशी उभं राहून बघा. आत एकूण किती नग आहेत? आतापर्यंत बनवलेले वजा आतापर्यंत बाहेर गेलेले. त्यातले किती ओके रॅकवर आहेत आणि किती रीवर्कच्या लाल ट्रेमध्ये, याने बेरीज बदलत नाही. रीवर्क म्हणजे नग एका ट्रेमधून दुसऱ्यात जाणं. साठ्याचा चढ-उतार तोच राहतो, म्हणून लॉटही तोच राहतो. एकच अट: ओके नग निघण्याचा वेग मागणीपेक्षा जास्त हवा, नाहीतर उत्पादन चालू असतानाच तुटवडा पडेल.

रीवर्कच्या नगांचा साठवणखर्च अजिबात न धरणारी सूत्रंही आहेत. त्यांत लॉट थोडा मोठा येतो. ते मला पटत नाही. लाल ट्रेमधल्या नगातही कच्चा माल आणि मशीनचा वेळ अडकलेलाच असतो.

मग या विषयावर इतकं का लिहिलं जातं?

कारण रीवर्कचा खरा परिणाम दुसरीकडून येतो: ओके झालेला माल रीवर्कसाठी थांबतो तेव्हा, रीवर्क मशीनचा वेळ खातं तेव्हा, आणि खराब नग लॉटमध्ये ठराविक जागीच निघतात तेव्हा. पुढचे बहुतेक प्रश्न या तीन जागांचेच आहेत.

खेपांचं गणित उदाहरणाने सांगाल का?

हे उदाहरण शेवटपर्यंत वापरू. वर्षाची मागणी १२,००० नग. मशीन सतत चालवली तर वर्षाला ४८,००० नग काढते. रीवर्क त्याच मशीनवर होतं, पण जरा जपून, वर्षाला २४,००० च्या वेगाने. रीवर्कचं प्रमाण १० टक्के, स्क्रॅप शून्य. एका सेटअपचा, म्हणजे सेटिंगचा, खर्च ९००. एका खेपेचा खर्च, म्हणजे गाडी, कागदपत्रं आणि चढ-उतार मिळून, ५०. एक नग वर्षभर आपल्याकडे राहिला तर साठवणखर्च ४, ग्राहकाकडे राहिला तर ९. आणि नियम असा, की अख्खा लॉट रीवर्कसह ओके झाल्याशिवाय पहिली गाडी निघत नाही. त्यानंतर सारख्या अंतराने सारख्या खेपा.

या नियमाखाली आपला आणि ग्राहकाचा मिळून सरासरी साठा म्हणजे अर्धा लॉट गुणिले एक गुणक. तो गुणक असा: १, अधिक मागणी भागिले उत्पादनाचा वेग, अधिक रीवर्कच्या प्रमाणाची दुप्पट गुणिले (मागणी भागिले रीवर्कचा वेग). इथे १ + ०.२५ + ०.१० = १.३५. यातलं शेवटचं ०.१० ही रीवर्कची किंमत. लाल ट्रेमधले २०० नग दुरुस्त होईपर्यंत २,००० च्या लॉटमधले १,८०० चांगले नग नुसते उभे असतात, त्या थांबण्याचा हा आकडा.

खेपांची संख्या काढायला सेटअपचा खर्च गुणिले दोन्हीकडच्या साठवणखर्चातला फरक, भागिले (खेपेचा खर्च गुणिले आपला साठवणखर्च गुणिले गुणक), आणि या सगळ्याचं वर्गमूळ. ९०० × ५ = ४,५००. ५० × ४ × १.३५ = २७०. भागाकार १६.७, वर्गमूळ ४.०८. म्हणून खेपा ४.

लॉटसाठी वर दोनदा मागणी गुणिले (सेटअप अधिक सगळ्या खेपांचा खर्च), म्हणजे २४,००० × १,१००. खाली आपला साठवणखर्च गुणिले गुणक, अधिक साठवणखर्चातला फरक भागिले खेपा, म्हणजे ५.४ + १.२५ = ६.६५. भागून वर्गमूळ घेतलं की १,९९२ येतात. आपण २,००० धरू. ५०० नगांच्या चार खेपा, दर १५ दिवसांनी एक. उत्पादनाला १५ दिवस, रीवर्कला ३ दिवस, चक्र ६० दिवसांचं. वर्षाचा खर्च १३,२५०. यात रीवर्कचा स्वतःचा खर्च धरलेला नाही.

रीवर्क शून्य असतं तर?

लॉट २,०५५ आला असता, खेपा तेवढ्याच चार, खर्च १२,८४५. रीवर्कने लॉट फक्त ३ टक्क्यांनी घटवला. रीवर्क ३० टक्के झालं तरी लॉट १,८८२ पर्यंतच उतरतो.

पैशाकडे पाहा. माल थांबल्यामुळे वर्षाला सुमारे ४०० जास्त गेले. एका नगाच्या रीवर्कला ३ लागत असतील, तर १,२०० नगांचे ३,६०० सरळ गेले. लॉटचा आकार बदलून त्यातला एक पैसाही परत येत नाही, कारण प्रमाण ठराविक असेल तर लॉट लहान घ्या की मोठा, वर्षाला १,२०० नग लाल ट्रेमध्ये जाणारच.

खेपा वाढवत गेलो तर फायदा वाढतच जाईल ना?

सुरुवातीला भरपूर, नंतर काहीच नाही. एकाच खेपेत सगळा माल पाठवला तर सर्वांत चांगला लॉटही १५,४०० चा पडतो. चार खेपांत १३,२५०. पण तीन खेपा केल्या तरी १३,३४५ आणि पाच केल्या तरी १३,२९१. तिघांमध्ये एक टक्क्याचाही फरक नाही. त्यामुळे तीन की चार यावर बैठक घेण्यापेक्षा गाडी कशात नीट भरते ते बघावं.

या नियमाखाली ग्राहकाकडचा साठवणखर्च आपल्यापेक्षा जास्त नसेल, तर लहान लहान खेपा पाठवण्यात काहीच अर्थ उरत नाही. माल इथे पडला काय आणि तिथे पडला काय, सारखंच. मग एकच खेप.

अख्खा लॉट ओके झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम कितपत शहाणपणाचा?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महाग नियम हाच आहे. आणि तो कोणी ठरवलेला असतोच असं नाही. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ एवढंच कारण पुष्कळदा पुढे येतं.

आपल्या उदाहरणात मशीनमधून दिवसाला १३३ नग निघतात, त्यातले १२० ओके. म्हणजे पहिल्या खेपेचे ५०० ओके नग पाचव्या दिवशीच हातात असतात. नियमामुळे ते अठराव्या दिवसापर्यंत उभे राहतात. जवळपास १४ दिवस, दिवसाला ३३ नगांची मागणी, असा हिशोब केला तर ४६१ नगांचा साठा निव्वळ या नियमाचा. सरासरी साठा १,३५० वरून ८८९ वर येतो आणि वर्षाला सुमारे १,८४० वाचतात. लॉटचा आकडा दशांशापर्यंत घासूनही याच्या जवळपास फिरकता येत नाही.

सुरुवातीला ओके नग पाठवा, रीवर्क झालेले शेवटच्या खेपेत घाला. चौथी खेप जाईपर्यंत पुरेसे दिवस असतात.

नियमाला खरं कारण असेल तर गोष्ट वेगळी. लॉटभर एकच बॅच क्रमांक आणि एकच चाचणी अहवाल द्यावा लागतो, अंतिम चाचणी पूर्ण लॉटमधल्या नमुन्यांवर होते, किंवा दोष असा असतो की शेवटच्या नगापर्यंत पोचल्याशिवाय आधीचे नग खरंच चांगले होते का ते कळत नाही. अशा वेळी थांबावंच लागतं. तरीही एक वाट उरते. रीवर्क वेगळ्या टेबलावर उत्पादनाबरोबरच चालू ठेवा. उत्पादन संपताना रीवर्कही जवळपास संपलेलं असतं आणि ते तीन दिवस वाचतात.

१० टक्के म्हणजे १० टक्केच. ते लॉटमध्ये कुठे निघतात याने काय फरक पडतो?

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. तीन कारखाने कल्पा. तिघांकडे २,००० च्या लॉटमागे २०० नग रीवर्कला जातात. फळ्यावर तिघांचाही आकडा तोच.

पहिल्याकडे खराब नग लॉटभर विखुरलेले निघतात. कच्च्या मालात दोष असेल किंवा हाताळताना ओरखडे पडत असतील, तर असं होतं. याचं गणित वर आलंच: लॉट १,९९२, रीवर्कमुळे फारसा हलत नाही.

दुसऱ्याकडे सेटिंगनंतरचे पहिले २०० नग गडबडीचे. मशीन तापेपर्यंत माप बसत नाही, ऑपरेटर थोडं इकडे थोडं तिकडे करत राहतो. इथे २०० हा आकडा लॉटच्या आकारावर ठरत नाही, सेटअपच्या संख्येवर ठरतो. म्हणजे हे रीवर्क मुळात सेटअपचाच खर्च. दर नगाला ३ प्रमाणे ६०० वाढले आणि सेटअप ९०० चा १,५०० झाला. लॉट २,५०० च्या वर जातो.

तिसऱ्याकडे सुरुवात स्वच्छ असते. मग हत्यार झिजतं, माप सरकतं, आणि एकदा बिघडलं की लॉट संपेपर्यंत कोणी थांबवत नाही. इथे लॉट जितका लांब तितके खराब नग जास्त, आणि तेही नुसत्या लांबीच्या नाही, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. इव्हान पोर्टियस या संशोधकाने १९८६ मध्ये याचं सोपं रूप मांडलं. प्रत्येक नगाला प्रक्रिया बिघडण्याची थोडी शक्यता धरायची. मग त्या शक्यतेला वर्षाच्या मागणीने आणि एका नगाच्या रीवर्कच्या खर्चाने गुणून जे येईल, ते साठवणखर्चात मिळवायचं. दर नगाला १०,००० त १ एवढी शक्यता धरली, तर २,००० च्या लॉटमध्ये सरासरी १० टक्क्यांच्या आसपासच खराब निघतात. पण साठवणखर्चात ३.६ ची भर पडते, म्हणजे आपला ४ चा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. लॉट १,६०० च्या आसपास येतो. रोझेनब्लॅट आणि ली यांनीही त्याच वर्षी वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला होता: प्रक्रिया बिघडत जाणारी असेल तर लॉट लहान घ्या.

फळ्यावरचा आकडा एकच, पण उत्तरं १,६००, २,००० आणि २,५०० च्या वर. म्हणून सूत्राला हात लावण्यापूर्वी दोन-चार लॉटचे खराब नग कितव्या क्रमांकाचे होते ते लिहून काढा. नगावर क्रमांक नसेल तर ट्रेवर वेळ लिहा, तेवढंही पुरतं. तिसऱ्या प्रकारात मधेच एक तपासणी टाकली तर तीही लॉट लहान केल्यासारखंच काम करते, आणि बहुधा नव्या सेटअपपेक्षा स्वस्तात.

एकाच मशीनवर बरेच जॉब आहेत. तिथे काय बदलतं?

तिथे रीवर्क लॉट वाढवायला लावतं, आणि चांगलंच. कारण आता प्रश्न खर्चाचा नसून वेळेचा असतो.

समजा सगळ्या जॉबचं मिळून मशीन ८४ टक्के भरलेली आहे आणि एका फेरीत, म्हणजे सगळे जॉब एकेकदा होईपर्यंत, सगळ्या सेटिंगना मिळून १.८ दिवस लागतात. उरलेल्या १६ टक्के वेळात सेटिंग बसवायच्या, तर फेरी किमान १.८ भागिले ०.१६, म्हणजे सव्वाअकरा दिवसांची हवी. आता रीवर्कने ६ टक्के वेळ घेतला. उरले १० टक्के, फेरी किमान १८ दिवसांची. प्रत्येक जॉबचा लॉट ६० टक्क्यांनी मोठा झाला. रीवर्कने १२ टक्के वेळ घेतला तर उरतात ४ टक्के आणि फेरी ४५ दिवसांवर जाते.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण मशीन आधीच भरलेली असेल, तर त्यांची किंमत उरलेल्या वेळाशी तोलायची असते. अशा मशीनवरून रीवर्क उचलून एखाद्या जुन्या, संथ मशीनवर नेलं तर प्रति नग खर्च वाढतो. तरी ते बहुतेक वेळा परवडतं.

रीवर्क दर लॉटनंतर करायचं की दोन-तीन लॉटचं साठवून?

रीवर्कला वेगळं सेटिंग लागत नसेल तर लगेच करा, प्रश्नच नाही. लागत असेल तर हाही लॉटचाच प्रश्न झाला, फक्त छोटा. रीवर्कचं सेटिंग १५० चं, वर्षाला १,२०० नग, साठवणखर्च ४. वर्गमूळ काढलं की ३०० नग येतात, म्हणजे दीड लॉटचं रीवर्क. दीड लॉट असा नसतो. दर लॉटला २०० केले तर वर्षाला १,३००, दोन लॉटचे मिळून ४०० केले तर १,२५०. फरक नगण्य.

मी अशा वेळी दर लॉटला करण्याच्या बाजूने असतो. साठवलेल्या रीवर्कमध्ये लॉट मिसळतात, दोष कशाने आला होता ते कोणाला आठवत नाही, आणि मधल्या खेपेत २०० नग कमी पडतात ते वेगळेच.

रीवर्कचं प्रमाण दर लॉटला बदलतं. सरासरी घेतली तर चालेल?

लॉटचा आकार काढायला चालेल. ग्राहकाला तारीख द्यायला नाही. सरासरी १० टक्के असेल पण एखाद्या लॉटला २० टक्के निघाले, तर रीवर्कला ३ ऐवजी ६ दिवस लागतात आणि लॉट एकविसाव्या दिवशी तयार होतो. अठरावा दिवस सांगून ठेवला असेल तर वर्षात कितीतरी वेळा फोन येणार. ओके नग आधी सोडण्याचा इथेही उपयोग होतो. पाचव्या दिवशी निघणाऱ्या खेपेला रीवर्क किती निघालं याने फारसा फरक पडत नाही.

ग्राहक म्हणतो दर वेळी ४०० च द्या. आमचं गणित ५०० सांगतं.

४०० द्या. खेप ठरली की फक्त लॉट काढायचा, आणि तो खेपेच्या पटीत ठेवायचा. आपल्या उदाहरणात ४०० च्या खेपेला लॉट २,००० च येतो, पाच खेपा, खर्च १३,३००. आदर्श उत्तरापेक्षा ५० जास्त. ५० साठी ग्राहकाशी वाद घालू नये.

या गणिताचा उतार फार सौम्य असतो, हे एकदा लक्षात आलं की बरीच चिंता मिटते. खेपांची संख्या तीच ठेवून लॉट योग्य आकड्यापेक्षा २० टक्के मोठा घेतला तर खर्च २ टक्क्यांनीही वाढत नाही. दीडपट घेतला तर ८ टक्के. निम्मा घेतला मात्र तर २५ टक्के. त्यामुळे चुकायचंच असेल तर थोडं मोठ्या बाजूला चुकलेलं बरं, अर्थात वर सांगितलेला तिसरा कारखाना तुमचा नसेल तर.

ग्राहकाकडचा साठवणखर्च आम्ही का धरायचा? तो त्याचा प्रश्न.

तसं धरून बघू. फक्त आपला खर्च कमी करायचा म्हटलं तर उत्तर येतं एकच खेप आणि तब्बल ४,०३६ चा लॉट. आपला खर्च ११,००० वरून ५,६५० वर येतो. आपण खूश. ग्राहकाचा मात्र २,२५० वरून १८,१६० वर जातो. दोघांचा मिळून १३,२५० ऐवजी २३,८१० होतो. असा माल उतरवून घेणारा ग्राहक फार दिवस टिकत नाही.

दोघांचा एकत्र हिशोब करायची पद्धत संशोधक बॅनर्जी यांनी १९८६ मध्ये आणि गोयल यांनी १९८८ मध्ये पुढे नेली. लॉट पूर्ण झाल्यावर अनेक खेपांत पाठवण्याची कल्पना गोयल यांच्या त्या कामातली. एकत्र हिशोबात फायदा ग्राहकाला होतो आणि भुर्दंड आपल्याला. ग्राहकाचे १५,९०० वाचतात, आपले ५,३५० जातात. म्हणून भावात किंवा गाडीभाड्यात त्यातलं काही परत मिळेल का, हे आधी बोलून घ्यायचं. साठवणखर्चाचे आकडे समोर ठेवले की हे बोलणं सोपं जातं. नुसतं ‘आम्हाला परवडत नाही’ म्हटलं की नाही.

सेटअपच्या खर्चात काय काय धरायचं?

सेटिंगसाठी थांबलेल्या मशीनचा वेळ, सेटिंग करणाऱ्याची मजुरी, पहिले खराब नग, पहिल्या नगाची तपासणी. ऑपरेटरचा पगार तसाही द्यावा लागतो म्हणून धरायचा नाही, असं कोणी म्हणेल. मशीन मोकळी असेल तर ते बरोबर आहे. मशीन भरलेली असेल तर त्या वेळात निघाला असता तो माल हाच खर्च.

आणि हा आकडा देवाने दिलेला नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटात मोठ्या प्रेसचं तासन्‌तास चालणारं डाय, म्हणजे साचा, बदलणं मिनिटांवर आणून दाखवलं. त्यांच्या पद्धतीचं ध्येयच १० मिनिटांच्या आत सेटिंग हे होतं. सेटअप आणि खेप दोन्हींचा खर्च चौथाई झाला तर लॉट निम्मा होतो आणि वर्षाचा हा सगळा खर्चही निम्मा. लॉट लहान झाला की खराब नग लवकर सापडतो, हा लाभ वर.

हिशोब किती दिवसांनी पुन्हा करायचा?

दर महिन्याला नको, उतार सौम्य आहे. मागणी दीडपट झाली किंवा घटून दोन-तृतीयांशावर आली, सेटिंगची पद्धत बदलली, रीवर्क दुसऱ्या मशीनवर गेलं, किंवा खराब नग निघण्याची जागा बदलली, तर करा. शेवटचं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हत्यार बदललं, रीवर्क १० टक्केच राहिलं, पण आधी शेवटी निघणारे नग आता सुरुवातीला निघू लागले. फळा तेच सांगतो आणि लॉट मात्र १,६०० चा २,५०० करायला हवा असतो.